इंजिनची सफाई: पाणी कमी, फडकं जास्त

बॉनेट उघडल्यावर जो मळ दिसतो त्यातला बराचसा म्हणजे नुसती कोरडी धूळ. ती काढायला पाणी लागतच नाही. पाणी लागतं ते तेलावर धूळ बसून तयार झालेल्या चिकट्याला, आणि तेही तेवढ्या जागेपुरतंच. हे पक्कं ठरवलं की धुतल्यावर गाडी सुरू न होण्याची भीती निम्म्याने कमी होते.

गाडी सावलीत, सपाट जागी लावा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. लांबून आल्यावर तास-दीड तास तरी लागतो. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) किंवा टर्बोवर गार पाणी पडलं तर बीडाला तडा जाऊ शकतो. शिवाय गरम पृष्ठभागावर डीग्रीझर, म्हणजे तेलकट मळ सोडवणारं द्रावण, लगेच वाळून त्याचे पांढरे डाग राहतात. किल्ली काढून ठेवा. काही गाड्यांमध्ये रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, आणि तेव्हा हात आत असायला नको.

आता बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह केबल सोडवा. बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी लाल सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर जोरदार ठिणगी पडते. जोडताना उलटा क्रम: आधी लाल, शेवटी काळी. केबल काढल्याने घड्याळ आणि खिडक्यांची ऑटो सेटिंग जाऊ शकते. काही रेडिओ कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर पुढचं पाणी-डीग्रीझर विसरा. नारिंगी केबल उच्च दाबाच्या विजेच्या असतात. तिथे पिळून घेतलेलं ओलसर फडकं प्लास्टिकच्या झाकणांवरून फिरवा, बस.

कोरडी सफाई सर्वात आधी. वायपरखालच्या जाळीतली सुकी पानं हाताने वेचा. तिथली पाणी जायची भोकं तुंबली की पावसाचं पाणी केबिनमध्ये उतरतं, आणि लोक कार्पेट का भिजलं ते शोधत बसतात. मग रंगाचा मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. याच वेळी टॉर्चने वायरिंग नीट पाहून घ्या. उंदराने कुरतडलेली वायर मळाखाली लपलेली असते आणि पाणी लागल्यावरच त्रास देते. अशी वायर दिसली तर दुरुस्तीआधी धुवू नका.

झाकायचं ते असं: अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, इंजिनचा कंट्रोल युनिट, इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी) आणि हवा आत घेणारं तोंड. जाड प्लास्टिकच्या पिशव्या घाला, रबराने किंवा टेपने आवळा आणि मोजून ठेवा. हवेच्या तोंडावर राहिलेली एक पिशवीसुद्धा इंजिन सुरू होताना महागात पडते. तेलाचं झाकण, डिपस्टिक, ब्रेक ऑइलचं झाकण घट्ट आहे ना, हेही पाहा.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट भुगा असेल, तर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येतो, कारण आम्ल निष्प्रभ होतं. हे पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका. हातमोजे, चष्मा घाला.

डीग्रीझर पाण्यात मिसळणारा घ्या. प्रमाण बाटलीवर असतं तेच वापरा. जास्त घट्ट केल्याने मळ लवकर सुटत नाही, प्लास्टिक मात्र पांढुरकं पडतं. रॉकेल, डिझेल, पेट्रोल नको: रबरी होज फुगतात, आणि उरलेला अंश तापल्यावर पेट घेऊ शकतो. खालून वर फवारा, म्हणजे ओघळांचे पट्टे उमटत नाहीत. ३ ते ५ मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. एका वेळी हातभर भागच घ्या. बेल्टवर फवारा उडवू नका. बेल्ट घसरून किंचाळू लागतो.

धुण्यासाठी फवारणीची बाटली पुरते. पाइप वापरायचाच असेल तर अगदी मंद धार, आणि तीही कनेक्टर, म्हणजे वायरींचे जोड, टाळून. प्रेशर वॉशर नकोच. कनेक्टरमधलं रबर जुन्या गाडीत कडक झालेलं असतं, आणि दाबाचं पाणी त्याच्या पलीकडे जातं. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांवर तिरकी धार मारली तर त्या दुमडतात आणि हवा अडते. तेलकट पाणी गटारात सोडू नका. खाली जुन्या चिंध्या किंवा पुठ्ठा पसरून ते टिपून घ्या.

मग मायक्रोफायबरने टिपा, खोबणींतलं पाणी ब्लोअरच्या थंड हवेने उडवा, पिशव्या काढून मोजा. बॉनेट उघडं ठेवून तासभर तरी वाळू द्या. नंतर केबल जोडून इंजिन सुरू करा आणि १०-१५ मिनिटं आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवा. उरलेला ओलावा उष्णतेने उडतो.

गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे इंजिन अडखळत चालू लागलं, तर स्पार्क प्लगच्या खोबणीत किंवा कॉइलखाली पाणी साचलंय असं समजा. इंजिन बंद करा, थंड झाल्यावर कॉइल उचला, खोबण कोरडी करा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका: न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब करतं.

चमक आणणारं ड्रेसिंग लावायचं तर पाण्यावर आधारित घ्या, कापडावर घेऊन फक्त प्लास्टिकवर पुसा. पण एखाद्या कोपऱ्यात आधी तेलाचा चिकटा होता, तर तिथे ड्रेसिंग काही दिवस लावूच नका. ५०-१०० किलोमीटर गाडी चालवून टॉर्चने पुन्हा पाहा. तेल खाली आणि वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची जागा शोधा. गळती बहुधा तिथेच असते.