लवकर वयात येणाऱ्या मुलांची क्लिनिकल ट्रायल : या चुका टाळा

मुलीमध्ये आठ वर्षांच्या आत किंवा मुलामध्ये नऊ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणे दिसू लागली की पालक घाबरतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण ट्रायलमध्ये, म्हणजे औषध तपासून पाहण्याच्या चाचणीत, नाव घालताना होणारे बहुतेक घोटाळे या भीतीपेक्षा घाईतून होतात. अशा ट्रायलमध्ये समन्वयक म्हणून काम करताना त्याच चुका मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत, की आता त्या स्पष्ट शब्दांत लिहिणेच बरे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधीचे उपचार लपवणे. या आजारात वयात येण्याची प्रक्रिया थांबवून धरणारी जीएनआरएच अ‍ॅगोनिस्ट गटातील ल्युप्रोरेलिन किंवा ट्रिप्टोरेलिन अशी औषधे देतात, आणि नव्या मात्रेची किंवा अधिक काळ टिकणाऱ्या इंजेक्शनची परीक्षा घेणाऱ्या अनेक ट्रायल ज्यांनी हे औषध कधीच घेतलेले नाही अशाच मुलांना घेतात. एका सात वर्षांच्या मुलीच्या पालकांनी फॉर्मवर ‘आधी कोणतेही उपचार नाहीत’ असे लिहिले. तिच्या स्तनांची वाढ स्पष्ट होती, एक्स-रेवरून काढलेले हाडांचे वय प्रत्यक्ष वयाच्या दीड वर्ष पुढे होते, पण स्टिम्युलेशन टेस्टमध्ये एलएच हे वयात येण्याला चालना देणारे संप्रेरक पुरेसे वाढलेच नाही. या टेस्टमध्ये औषध टोचून ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा रक्त घेतात. ती पोर ते सगळे निमूटपणे सोसत होती. निकष पूर्ण न झाल्याने तिला घेता आले नाही, तेव्हा वडिलांनी दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी करता येईल का असे विचारले आणि ट्रायलच्या नियमांनुसार एकदा तशी सोय होती. दुसऱ्या खेपेस आई फाईल चाळत असताना तिच्यातून आधीच्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनची चिठ्ठी निघाली. पहिल्या तपासणीच्या वेळी त्याचाच परिणाम चालू होता, आणि पुढचा डोस त्यांनी केवळ ट्रायलसाठी मुद्दाम चुकवला होता. मधल्या काळात मुलीची लक्षणे पुन्हा पुढे सरकली होती. त्यांनी पहिल्याच फोनवर खरे सांगितले असते, तर ‘ही ट्रायल तिच्यासाठी नाही, चालू उपचार थांबवू नका’ एवढेच उत्तर मिळाले असते आणि तिचा एकही डोस चुकला नसता.

त्या दिवसापासून आधीच्या उपचारांचा प्रश्न मी तीनदा विचारते: फोनवर, पहिल्या भेटीत आणि रक्त घेण्यापूर्वी. सगळ्या चिठ्ठ्या आणि इंजेक्शनची रिकामी खोकीही सोबत आणायला सांगते. काही पालकांना हा अविश्वास वाटतो. तरीही मी विचारतेच.

दुसरी चूक पहिल्या काही आठवड्यांत होते. ही औषधे एलएच सोडणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला आधी चेतवतात आणि मग सतत चेतवत राहून तिचा प्रतिसाद थांबवतात. त्यामुळे सुरुवातीला लक्षणे थोडी वाढल्यासारखी दिसू शकतात आणि काही मुलींना पहिल्या महिन्यात योनीतून रक्तस्रावही होतो. संमतीपत्रात हे लिहिलेले असते, पण ते घाईत सह्या करून परत दिले जाते. रक्तस्राव पाहून एका आईने आम्हाला न कळवताच मुलीला ट्रायलमधून काढले आणि दुसरीकडे वेगळे औषध सुरू केले. ट्रायल केव्हाही सोडण्याचा तिला पूर्ण अधिकार होता; मला वाईट एवढेच वाटते की एका फोनने तिची रात्रभराची धास्ती मिटली असती. संमतीपत्र घरी न्यावे, दोन दिवस ठेवावे, न कळलेल्या ओळींवर पेन्सिलने खूण करावी आणि खुणा पुसल्याशिवाय सही करू नये, असे मी प्रत्येकाला सांगते. जो समन्वयक जागेवरच सही मागतो, त्याच्याकडे परत जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

ट्रायल म्हणजे उंची वाढवण्याची योजना, हा समजही सोडावा. अनेक ट्रायल प्रामुख्याने एवढेच पाहतात की ठरावीक महिन्यांनी एलएच दबलेले आहे की नाही. उपचार सुरू झाल्यावर वर्षाला वाढणारी उंची उलट कमी होते, आणि ते अपेक्षितच असते, कारण हाडांच्या वयाची धावही मंदावते. अंतिम उंचीचा सर्वाधिक लाभ सहा वर्षांच्या आत लक्षणे सुरू झालेल्या मुलींमध्ये दिसतो. पालक दर आठवड्याला भिंतीवर रेघ मारून निराश होतात. तसे करू नये.

फक्त काखेतील केस किंवा घामाचा वास, अथवा न वाढणारी स्तनांची गाठ, म्हणजे हा आजार नव्हे. निदान पक्के होण्यापूर्वी ट्रायल शोधू नये. मेंदूचा एमआरआय सांगितला असेल तर तो टाळू नये. मुलग्यांमध्ये तर मुळीच नाही, कारण त्यांच्यात मेंदूतील कारण मुलींपेक्षा अधिक वेळा सापडते. लक्षणे कधी सुरू झाली ते अंदाजाने सांगू नये, कारण पात्रता त्या तारखेवर ठरते; उंचीच्या जुन्या नोंदी आणाव्यात. ट्रायलची नोंदणी सार्वजनिक नोंदवहीत आहे का, ते स्वतः पाहावे.

भेटीची तारीख हवी तशी सरकवता येत नाही. इंजेक्शन बारा किंवा चोवीस आठवड्यांनी असते, पुढे-मागे थोड्याच दिवसांची मुभा असते, आणि औषधाचा परिणाम शेवटच्या दिवसापर्यंत टिकतो का हाच प्रश्न असताना उशिरा घेतलेल्या रक्तावरून त्याचे उत्तर देता येत नाही. परीक्षा आणि सहली आधीच सांगितल्या तर आम्ही वेळापत्रक बसवतो. आदल्या संध्याकाळी सांगितले तर बसत नाही.

आणि मुलीला काहीच न सांगता आणू नये. सात-आठ वर्षांच्या मुलाला सुई, वारंवार रक्त, हाताचा एक्स-रे आणि नको वाटल्यास ‘नको’ म्हणण्याची मोकळीक, हे सगळे समजते. ‘आपण फक्त उंची मोजायला चाललोय’ असे सांगून आणलेले मूल सुई पाहून जे रडते, ते पुढच्या प्रत्येक भेटीला दारातच रडू लागते. तपासणीत स्तनांची आणि जननेंद्रियांची वाढ पाहिली जाते; कोण पाहणार, सोबत कोण असणार, हे तिला आदल्या दिवशी घरी आईनेच सांगावे.