नोकरी सांभाळून एमबीए की कॉलेजात जाऊन?

‘एमबीए इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, करू का?’ असं विचारणाऱ्याला मी आधी विचारते, सध्या नोकरी आहे का? नसेल तर एमबीएची सीईटी द्या आणि कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) मिळेल ते बरं कॉलेज घ्या. तिथली मोठी फी समर इंटर्नशिप आणि प्लेसमेंटमुळे सार्थकी लागते. मुक्त विद्यापीठाकडून त्याची फारशी आशा धरू नये.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघत इग्नूतून एमबीए केलं. माझी मावसबहीण तेव्हा पुण्यात पूर्णवेळ शिकत होती. तिचा ग्रुप केस स्टडीवर रात्री उशिरापर्यंत भांडायचा आणि सकाळी प्रेझेंटेशन द्यायचा. कुणी मुद्दा खोडला तर तिथल्या तिथे सावरून बोलायचं, हे तिला त्या वर्गानेच शिकवलं. घरी बसून पुस्तक वाचताना हे होत नाही.

माझ्या हाताशी मात्र खरी उधारी होती. खेळत्या भांडवलाच्या असाइनमेंटसाठी मी आमच्याच गिऱ्हाइकांकडची येणी 30, 60, 90 दिवसांच्या रकान्यांत मांडली. आमचे पैसे 90 दिवसांनी यायचे आणि स्टीलवाल्याला 30 दिवसांत द्यावे लागायचे. बँकेचं सीसी लिमिट (कॅश क्रेडिटची उचल मर्यादा) दर महिनाअखेरीला का संपतं, ते त्या एका तक्त्यात दिसलं. साहेबांनी तो ठेवून घेतला आणि पुढे दर महिन्याला मागू लागले. नोकरी करणाऱ्याने प्रत्येक असाइनमेंट अशी आपल्या टेबलावरून उचलावी.

वेळेचा हिशेब आधी मांडा. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास, म्हणजे चार क्रेडिटच्या एका पेपरला 120 तास. सात तारखेचा टीडीएस आणि वीस तारखेचं जीएसटीचं थ्री-बी विवरणपत्र सांभाळून हे तास काढायचे असतात. म्हणून पहिल्या सत्रात सुट्टीचे दिवस राखून ठेवा.

पदवी चालेल का, ही धास्ती सोडा. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष असल्याचं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय. फक्त प्रवेशाआधी यूजीसीच्या यादीत संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही तपासा.

अभ्यासकेंद्रावरचे समुपदेशन वर्ग बरेच जण टाळतात. तुम्ही जा. तिथे बँकेतली, हॉस्पिटलच्या प्रशासनातली, ट्रान्सपोर्टमधली माणसं भेटतात. त्यांतले तिघे-चौघे गाठा, एकेक पेपर वाटून घ्या आणि उभं राहून एकमेकांना शिकवा.