गाडीच्या स्प्रिंगा घरी बदलताय? मागच्या बदला, पुढच्यांचं जरा ऐका

आमची स्विफ्ट २०१३ची, वर चिपळूणचा पाऊस आणि हायवेचे खड्डे, म्हणजे खालचं सामान किती टिकणार. गणपती झाले आणि गाडी मागून डावीकडे जरा बसल्यासारखी दिसायला लागली. मी आधी म्हटलं डिकीत नारळाचं पोतं राहिलं असेल, बघितलं तर डिकी रिकामी. मग टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, उजवीकडे ३८ सेंटीमीटर आणि डावीकडे साडेपस्तीस. टॉर्च मारला तर स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटून तुकडा गायब! स्प्रिंगा बहुतेक तिथेच तुटतात, खालच्या सीटमध्ये, म्हणजे स्प्रिंग ज्या वाटीत बसते तिथे, माती आणि पाणी साचून राहतं, स्प्रिंगवरचा रंग घासून जातो, गंज धरतो आणि मग एखाद्या खड्ड्यात टण्ण. पुढची तुटली असेल तर स्टेअरिंग पूर्ण वळवताना टकटक किंवा तार सुटल्यासारखा आवाज येतो. आणि गाडी कोपऱ्यावर दाबून किती वेळा हलते ते बघायची जी सवय असते ना आपल्याला, त्यात शॉकअप (स्प्रिंगचं डुलणं थांबवतो तो दांडा) कळतो, स्प्रिंग नाही. स्प्रिंगसाठी टेपच लावा.

आता घरी करायचं का? मी आमच्या मेस्त्री काकांना विचारलं, तर म्हणाले, "मागच्या तू कर, दोन तासांचं काम आहे. पुढचा स्ट्रट पण काढ हवा तर, पण स्प्रिंग सोडवायला माझ्याकडे घेऊन ये, तिथे शहाणपणा करू नको." (स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि त्याच्यावरच चढवलेली स्प्रिंग, दोन्ही मिळून एक.) मी तसंच केलं आणि तुम्हालाही तेच सांगणार आहे.

कारण सांगतो. लहान गाडीची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २० न्यूटन लागतात असं धरा, ती १०० मिलिमीटर दाबली की २००० न्यूटन झाले, म्हणजे साधारण २०० किलो. एवढ्या दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जी ताकद साठलेली असते ती दहा किलोची तांदळाची गोणी एक मीटरवरून पायावर पडावी एवढी असते, फक्त ती गोणीसारखी पसरून येत नाही, एका नटाच्या किंवा हुकच्या टोकाने तोंडाकडे येते. आणि पुढच्या स्ट्रटमध्ये स्प्रिंग चाक काढल्यावर, गाडी हवेत असताना, अगदी स्ट्रट हातात घेतल्यावरसुद्धा दाबलेलीच असते. लोक इथेच फसतात. मागे तसं नसतं, स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीसारख्या गाड्यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम असतो, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, बीम खाली सोडला की स्प्रिंग आपोआप सैल होते. (तुमच्या गाडीला मागेही स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असेल तर मागचं कामही पुढच्यासारखंच समजा. बोलेरोसारखे पाटे असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही.)

सामान घेताना दोन गोष्टी. स्प्रिंगा नेहमी जोडीने, डावी तुटली तरी उजवीही बदलायची, नाहीतर नवी उंच आणि जुनी बसलेली, गाडी वाकडीच राहणार. आणि पार्ट नंबर बघूनच घ्या, फक्त "स्विफ्टची द्या" म्हणून नको, कारण डिझेलचं इंजिन जड म्हणून पुढच्या स्प्रिंगा पेट्रोलपेक्षा वेगळ्या असतात, स्प्रिंगवर रंगाचे पट्टे असतात ते त्यासाठीच. सोबत वरखालची रबरं, बंप रबर आणि शॉकअपचे नट नवीन घ्या, नायलॉनवाला नट एकदा उघडला की तो पुन्हा वापरू नये. स्प्रिंगच्या वेढ्यात घालायचे ते रबरी कुशन मिळतात ऑनलाइन, तुटलेल्या स्प्रिंगवर तो इलाज नव्हे.

हत्यारांत गोटी सेट, रिंग पाने, एक लांब टॉमी, गंजाचा स्प्रे, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळायचा), दोन टनाचा ट्रॉली जॅक आणि दोन जॅक स्टँड, ज्याला गॅरेजात घोडी म्हणतात. शिवाय बीम धरायला अजून एक जॅक लागतो, तिथे डिकीतला कात्री जॅक चालेल, पण तेवढ्याच कामाला. तो स्टेपनी बदलायला दिलेला आहे, त्याच्यावर गाडी ठेवून खाली हात घालायला नाही. आणि विटा, पेव्हर ब्लॉक, सिमेंटचे ठोकळे अजिबात नको, ते वाकत नाहीत, सांगत नाहीत, एकदम फुटतात. घोडी घेताना पैसे वाचवू नका, बाकी कशातही वाचवा.

जागा सपाट आणि कडक पाहिजे. सोसायटीच्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीच्या पायाखाली जाड प्लायचा तुकडा घाला, नाहीतर एक पाय ब्लॉकच्या फटीत जातो आणि घोडी कलते. आता एक गंमत, गंमत म्हणजे धोका: मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा उपयोग शून्य, कारण हँडब्रेक मागच्या चाकांना आणि ती तर हवेत! म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे ठोकून बसवा. मी आधी नुसते दगड लावले होते, जॅक वर जाताना गाडी बोटभर पुढे सरकली आणि माझ्या पोटात गोळा आला, सगळं खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून.

आदल्या रात्री शॉकअपच्या खालच्या बोल्टांवर स्प्रे मारून ठेवा, कोकणात तर दोनदा मारा. सकाळी चाकं जमिनीवर असतानाच चाकाचे नट पाव फेरा सैल करा. मग गाडी मागून उचला, घोड्या बॉडीच्या खालच्या कडेला जिथे कंपनीने जॅकची खूण दिलेली असते तिथे लावा, दोन्ही बाजूंना. बीमखाली घोडी लावायची नाही कारण बीमच तर खाली सोडायचा आहे. गाडी घोड्यांवर बसली की हाताने जोर लावून हलवून बघा, पडायची असेल तर आत्ता पडू दे, तुम्ही खाली असताना नको. काढलेली दोन्ही चाकं गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. घोडी सरकली तरी गाडी चाकावर येईल आणि माणूस वाचेल.

आता ट्रॉली जॅक बीमच्या मधोमध आणि दुसरा जॅक एका टोकाला, नुसता टेकेल एवढा वर घ्या. शॉकअप ताणून बीमला धरून ठेवतो, म्हणून आधार न देता बोल्ट काढला तर बीम धाडकन खाली येतो आणि ब्रेकचा पाईप ताणला जातो. आधार दिला की दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा. निघत नसेल तर जॅक थोडा वरखाली करा, योग्य उंचीला आला की बोल्ट बोटाने फिरतो, हातोडा मारायची गरज पडत नाही. मग जॅक हळूहळू सोडा आणि नजर स्प्रिंगवर नाही, ब्रेकच्या रबरी पाईपवर, एबीएसच्या वायरवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ठेवा. यातलं काही ताठ व्हायला लागलं की थांबा, क्लिप सोडवा, मग पुढे. बीम पुरेसा खाली आला की स्प्रिंग हाताने डुगडुगते आणि बाहेर येते. डुगडुगत नसेल तर टॉमी घालून उचकटू नका, ती अजून दाबात आहे, बीम अजून थोडा खाली घ्या.

माझी डावी स्प्रिंग निघाली ती दोन तुकड्यांत, गायब वाटलेला खालचा तुकडा सीटच्या मातीत रुतून बसलेला. तुटलेल्या जागी अर्धा भाग काळा-तपकिरी गंजलेला आणि उरलेला चकचकीत राखाडी, म्हणजे तडा बराच आधीचा होता आणि शेवटचा तेवढा टवका परवा सुटला. तो तुकडा मी अजून ठेवलाय.

नवी बसवताना सीट तारेच्या ब्रशने साफ करा, पाणी जायचं भोक असतं ते मोकळं करा. रबरं घाला, आणि स्प्रिंगचं टोक सीटमधल्या थांब्याला टेकलं पाहिजे, एक बोट फरकानेही नाही. उलटी तर घालत नाही ना, हेही बघा, जुनी काढतानाच फोटो काढून ठेवला की भांडण नको. मग जॅकने बीम वर घ्या, बोल्ट घाला, पण शेवटचं आवळणं आत्ता नाही. शॉकअपला खाली रबरी बुश असतो, बीम लटकत असताना आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर तो बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून बीम जॅकने वर घ्या, गाडी उभी असताना असतो तेवढा, म्हणजे बॉडीचं वजन घोडीवरून उचललं जाईल न जाईल इतपत, आणि मग टॉर्क पान्याने आवळा. आकडे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, व्हॉट्सअपवरून नको.

आता पुढचं. पुढे असतो मॅकफर्सन स्ट्रट, अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरच्या नावावरून, शॉकअप आणि स्प्रिंग एकाच दांड्यावर. काढायला अवघड नाही: चाक काढा, ब्रेक पाईप आणि वायरची क्लिप स्ट्रटवरून सोडवा, लिंक रॉडचा नट काढा, खालच्या दोन मोठ्या बोल्टांची जागा खडूने किंवा मार्करने खूण करून ठेवा आणि मग काढा. त्याआधी हब, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो भाग, तारेने वर बांधून ठेवा, नाहीतर तो बाहेर कलंडतो आणि ब्रेक पाईप किंवा एक्सलचा आतला जॉइंट ताणला जातो. शेवटी बॉनेटखालचे वरचे नट, एका हाताने स्ट्रट धरून.

इथे थांबा आणि नीट वाचा. काही गाड्यांना वर बाजूचे दोन-तीन लहान नट असतात आणि मध्ये एक मोठा. स्ट्रट काढायला फक्त बाजूचे. मधला नट स्प्रिंगला धरून असतो, तो सैल करून ठेवतो म्हणजे नंतर सोपं, असा विचारसुद्धा करू नका. आणि काही गाड्यांना बाजूचे नट नसतातच, वर फक्त मधला दिसतो, तिथे तो काढल्यावर स्प्रिंग धरायला खाली दुसरा नट आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही.

स्ट्रट हातात आला की रिक्षात घाला आणि गॅरेजला न्या, भिंतीला नाहीतर जमिनीला पक्का बसवलेला स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर ज्यांच्याकडे आहे तिथे, दहा मिनिटांचं काम आहे. नवं स्ट्रट माउंट आणि बेअरिंग सोबत न्या, उघडलंच आहे तर तेही होऊन जाईल.

एवढं सांगूनही ज्यांना दोन हुकवाला सुटा कॉम्प्रेसर वापरायचाच आहे त्यांच्यासाठी: दोन्ही हुक बरोबर समोरासमोर, चार-पाच वेढे धरून, आट्यांना ग्रीस लावून. एकीकडे दोन फेरे, मग दुसरीकडे दोन फेरे, हाताच्या पान्यानेच, इम्पॅक्ट गनने नाही. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हुक घसरतो. मी हे एका मित्राच्या शेडमध्ये बघितलंय, हुक फक्त दोन वेढे सरकला, स्प्रिंग सुटली पण नाही, तरी कॉम्प्रेसरचा दांडा फिरून पत्र्याला असा पोचा पडला की पावसात अजून तिथून गळतं. मित्र बाजूला उभा होता म्हणून बरं. तोंड, छाती कधीच स्प्रिंगच्या टोकासमोर नको, डोळ्याला चष्मा. स्प्रिंग वरच्या सीटपासून सुटून हाताने फिरायला लागली की मगच मधला नट, आणि दांडा अॅलन कीने धरायचा, पक्कडने नाही, चकाकी खरवडली की सील गेलं आणि नवा शॉकअप घ्या. दाबलेली स्प्रिंग तशीच ठेवून चहाला जाऊ नका, आणि लहान मुलं असतील तर आधी त्यांना आजीकडे पाठवा.

सगळं बसवलं, चाकं लावली, गाडी खाली घेतली की चाकाचे नट आडव्यातिडव्या क्रमाने टॉर्कने आवळा. गाडी पुढेमागे दोन-तीन वेळा घ्या, ब्रेक दाबून बघा, गल्लीत एक चक्कर, स्पीड ब्रेकरवरून हळू, आवाज ऐका. पुढचं काम केलं असेल तर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय लांब जाऊ नका, खडूची खूण कितीही बरोबर लावली असली तरी. हेडलाइटचा झोतही रात्री भिंतीवर बघा, मागची बाजू वर आली की तो खाली जातो. १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्कने तपासा.

मी तपासले तेव्हा एक बोल्ट पाव फेरा घेतला, उजवीकडचा. टेप पण लावला, दोन्हीकडे साडेअडतीस.