आधी वचन, मग मागणं

गेल्या महिन्यात माझी भाची म्हणाली, "मावशी, मी रोज प्रार्थनेला बसते गं, पण दोन मिनिटांत सगळं बोलून होतं. घरच्यांना सांभाळ, नोकरीत यश दे, आजाऱ्यांना बरं कर, आमेन. पुढे काय बोलायचं तेच सुचत नाही."

माझंही कितीतरी वर्षं असंच चाललं होतं. नर्सची नोकरी, निम्मं आयुष्य रात्रपाळीत गेलं. पहाटे पाचच्या टेंपरेचरच्या फेरीआधी घाईघाईने तेच चार शब्द म्हणायची. मग आमच्या यांचं निधन झालं आणि ते चार शब्दही तोंडून निघेनात. तेव्हा ॲप्रनच्या खिशातला छोटा नवा करार काढला. नवा करार म्हणजे बायबलचा दुसरा भाग. अशा छोट्या प्रतीच्या शेवटी स्तोत्रंही असतात, म्हणजे बायबलमधली जुनी प्रार्थनागीतं. त्यातलं 13 वं स्तोत्र मोठ्याने वाचलं. सहाच ओव्या, म्हणजे क्रमांक घातलेली वचनं, आहेत. दावीद राजा देवाला विचारतो, कोठवर मला विसरणार? कोठवर तोंड लपवणार? मला जे बोलता येत नव्हतं ते तिथे आधीच लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून मी आधी वाचते, मग बोलते. भाचीला तेच सांगितलं. प्रार्थना आपण सुरू करायचीच नाही. देव आधी बोलतो, आपण त्याला उत्तर द्यायचं.

वेळ कोणतीही चालेल, पण ठरलेली असावी. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, पहिल्याच अध्यायात येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात गेला असं आहे. मी साडेपाचला स्वयंपाकघरात बसते, चहाचं आधण ठेवण्यापूर्वी. मोबाइल बाहेरच्या खोलीत असतो. बायबल कागदाचंच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

आता काय वाचायचं. डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन मानायचं, अशी सवय आपल्यात पुष्कळांना आहे. मला ती पटत नाही. अशाने आपल्याला आवडणारीच पानं उघडत राहतात. स्तोत्रं तारखेने घ्या. आज 7 तारीख असेल तर 7 वं स्तोत्र, मग त्यात तीस-तीस मिळवत 37, 67, 97, 127. या पाचांतलं एक निवडा. 119 वं फार लांब आहे, 176 ओव्यांचं, म्हणून ते 29 तारखेला न घेता 31 तारखेसाठी ठेवा. त्याचे आठ-आठ ओव्यांचे 22 भाग आहेत. 31 तारखेला एकच भाग घेतला तर सगळं स्तोत्र व्हायला तीन वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. लागू दे.

स्तोत्रानंतर शुभवर्तमान. सुरुवात मार्कापासून करा, सोळाच अध्याय आहेत. अध्याय संपवायची घाई नको, एका दिवशी एकच प्रसंग.

उदाहरण म्हणून दहाव्या अध्यायातला बार्तीमय घेऊ, ओवी 46 ते 52. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी. पहिल्यांदा उतारा मोठ्याने, सावकाश वाचा. दुसऱ्यांदा वाचताना एखादा शब्द अडतो, तिथे थांबा. मी अडले ती त्याच्या वस्त्रापाशी. येशूने बोलावलं तसं अंगावरचं वस्त्र टाकून तो उठला. भिकाऱ्याचं वस्त्र म्हणजे त्याचं रात्रीचं पांघरूण असेल, पुढ्यात पसरून भीक घ्यायचा कपडाही असेल. दिसायला लागण्याआधीच त्याने ते टाकलं. तिसऱ्या वाचनात येशूचा प्रश्न डोळ्यांत भरला: मी तुझ्यासाठी काय करावं? हाच प्रश्न त्याच अध्यायात, थोड्याच ओव्या आधी, त्याने याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांना विचारला आहे. त्यांनी येशूच्या उजव्या-डाव्या हाताची मानाची जागा मागितली. बार्तीमयाने दृष्टी मागितली.

हे दिसल्यावर प्रार्थनेसाठी शब्द शोधावे लागत नाहीत. माझ्या वहीत त्या दिवशी लिहिलं आहे: "प्रभू, मुलाने माझं ऐकावं हेच मी तुझ्याकडे रोज मागते आहे. ही उजव्या हाताची जागाच झाली. तो आता कसा आहे ते मला दिसू दे. आणि माझा मान हे माझं वस्त्र आहे, ते अजून मला टाकवत नाही. तू हाक मार, म्हणजे उठता येईल."

एवढीच प्रार्थना. तिच्यात व्यासपीठावरचा एकही शब्द नाही. आपण प्रार्थनेला बसलो की एकदम जड मराठी बोलू लागतो, ते सोडून द्या. पंडिता रमाबाईंएवढं संस्कृत कोणाला येत होतं? तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना त्यांनी साध्या बायकांना कळेल अशी भाषा धरली. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी त्या कामात घातली. 1922 साली त्या गेल्या आणि बायबल 1924 साली छापून आलं. तेव्हा घरात ज्या मराठीत बोलता त्याच मराठीत देवाशी बोला.

यानंतर दुसऱ्यांसाठी. वॉर्डात आम्ही ड्यूटी बदलताना खाटेखाटेने ओव्हर द्यायचो, सगळे पेशंट ठीक आहेत असं म्हणून चालायचं नाही. प्रार्थनाही तशीच करा. दिवसाला चार-पाच नावं, त्याहून जास्त नकोत, आणि प्रत्येक नाव आजच्या उताऱ्यात नेऊन उभं करा. बार्तीमयाला गप्प बस म्हणून दटावणारी गर्दी होती. त्या दिवशी मी शेजारच्या आजींचं नाव घेतलं. त्यांचं तेच तेच दुखणं ऐकताना मी मध्येच बोलणं तोडते. दुपारी जाऊन अर्धा तास बसले.

काही स्तोत्रं जड जातात. 88 वं तर अंधारातच संपतं, आशेची एक ओळ शेवटी येत नाही. 109 मध्ये शत्रूला शाप आहेत. ही गाळू नका. आज आपली ती अवस्था नसेल, पण कुणाची तरी आहे. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्या कुणाच्या तरी वतीने 88 वं वाचा. शाप वाचून आपलाही राग वर आला तर तो देवापुढेच बोलून टाका, म्हणजे घरी कुणावर निघणार नाही.

ज्या दिवशी काहीच हलत नाही त्या दिवशी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, एकेक तुकडा करून म्हणा. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथवर येऊन थांबलात तरी पुरे. आणि एखादं गीत म्हणा. आपल्याकडे नारायण वामन टिळकांची गीतं आहेत, ती मुकाट वाचू नका, गा.

वही मात्र ठेवा. तारीख, उतारा आणि एक ओळ. रात्री दिवा मालवण्याआधी तीच ओळ पुन्हा वाचायची.

परवा भाचीचा मेसेज आला: "मार्क 10. माझं वस्त्र कोणतं ते अजून कळलं नाही. उद्या पुढचा उतारा घेऊ का?" मी कळवलं, नको, उद्याही बार्तीमयच वाच. आठवडा गेला तरी चालेल.