काळी बुरशी: चेहऱ्याची एकच बाजू दुखते तेव्हा या चुका टाळा

मे २०२१. कोविडमधून उठून आत्याला जेमतेम बारा दिवस झाले होते. उजवा गाल बधिर वाटतो, वरची दाढ हलते, असं ती म्हणाली. इंदूरच्या सुदामानगरातल्या घरी आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की सायनसच आहे. वाफ दिली, घरात उरलेलं अँटिबायोटिक दिलं. मग दाढ काढून आणली, तर ती जखम भरेचना. पाचव्या दिवशी वहिनीने टॉर्च लावून तोंडात पाहिलं. टाळूवर, उजवीकडेच, करवंदाएवढा काळा डाग. त्या रात्री ग्लुकोमीटरवर साखर ३८० आली. कोविडनंतर ती कुणी तपासलीच नव्हती.

तो सायनस नव्हता, काळी बुरशी होती. आत्या वाचली. वरच्या जबड्याचा उजवा भाग मात्र काढावा लागला. आजही जेवण झालं की ती टाळूची प्लेट काढून वाटीत धुते. प्लेट नसेल तर प्यायलेलं पाणी नाकातून येतं.

आमची सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'एकाच बाजूला' या दोन शब्दांकडे दुर्लक्ष. साध्या सर्दीत सहसा दोन्ही नाकपुड्या चोंदतात. एकाच बाजूचा गाल दुखणं किंवा बधिर होणं, एकाच नाकपुडीतून काळपट किंवा रक्ताळ स्राव, वरचे दात अचानक हलणं, एक पापणी सुजणं, एकाचे दोन दिसणं, यांतलं काहीही मधुमेही माणसाला झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. सकाळपर्यंत बघू, हे इथे चालत नाही. नाकातून डोळ्यापर्यंत आणि तिथून मेंदूपर्यंत ही बुरशी काही दिवसांतच पोचू शकते.

दुसरी चूक नावामुळे होते. ही बुरशी मुळात काळी नसतेच. शिळ्या पावावर कापसासारखी वाढते, त्याच कुळातली ती आहे. म्युकर, रायझोपस ही त्यांची नावं. शरीरात ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते. रक्त न मिळालेला भाग मरतो आणि काळा पडतो. म्हणून काळा डाग दिसण्याची वाट पाहू नका. तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. मेलेल्या भागात रक्तच जात नाही, तर औषध कसं जाणार? तो भाग कापून काढावा लागतो, तो यासाठी.

त्या वर्षी कांद्यावरच्या काळ्या थराला घाबरून लोक कांदे फेकत होते. तो थर वेगळ्याच बुरशीचा. म्युकरचे बीजाणू तर धुळीत, मातीत, हवेत सगळीकडे असतात, आपण रोज ते श्वासातून घेतो आणि निरोगी शरीर ते निपटून टाकतं. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही. साखर बेसुमार वाढली की पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात, रक्तात आम्ल वाढलं की बुरशीला हवं ते लोह मोकळं मिळतं. वर स्टिरॉइड असेल तर साखर आणखी चढते. इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात तेव्हा या आजाराचे वेगळे वॉर्ड करावे लागले, त्यामागे हे गणित होतं. कोविडमध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड उपयोगी ठरलं ते ऑक्सिजन लागणाऱ्यांना, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. साध्या तापाला, जुन्या चिठ्ठीवर घेण्यासाठी ते नव्हतंच. दमा, सांधेदुखी, कशासाठीही स्टिरॉइड चालू असेल तर साखर तपासत राहा, आणि ते मनाने सुरू किंवा बंद करू नका.

नायट्यासाठी आणलेली फ्लुकोनाझोलची गोळी कपाटात असते, ती 'बुरशीचीच गोळी' म्हणून देऊ नका. म्युकरवर ती चालत नाही. अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे औषध लागतं, तेही रुग्णालयात, रक्तातल्या क्रिएटिनिनवर (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवून. सुरुवातीचा सीटी स्कॅन बरा आला म्हणून निर्धास्त होऊ नका; दुर्बिणीतून नाक पाहून तुकडा तपासायला पाठवला की खरं कळतं.

आमच्या इंदूरकडच्या मालव्यात कापणीच्या दिवसांत डोळ्यात काडी किंवा कुसळ जातं. डोळा लाल झाला की दुकानातून थेंब आणून टाकतात, आणि त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. बुबुळाला बुरशी लागलेली असेल तर या थेंबांनी ती फोफावते. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन बुरा धरला तर कोरडा झाडू मारू नका. बीजाणू घरभर उडतात. तोंडाला मास्क बांधून ओल्या फडक्याने पुसा आणि गळती आधी बंद करा, नुसता रंग मारून भागत नाही. घरात दम्याचं, किडनी बदललेलं किंवा केमो चालू असलेलं कुणी असेल तर भिंत पुसून वाळेपर्यंत त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यांना धोका म्युकरपेक्षा अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा जास्त, आणि ती फुप्फुसात जाऊन बसते.