‘पर्यंत’ म्हणजे बाय की अंटिल? प्रिपोझिशनच्या या चुका टाळा

इंग्रजीतल्या प्रिपोझिशनच्या (इन, ऑन, टू अशा शब्दांच्या) सगळ्याच चुका सारख्या नसतात. ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला खटकेल, पण काय म्हणायचंय ते कळेल. ‘आय विल सेंड द रिपोर्ट अंटिल फ्रायडे’ वाचून मात्र तो बुचकळ्यात पडेल: रिपोर्ट शुक्रवारी मिळणार, की शुक्रवार उजाडेपर्यंत रोज येत राहणार? म्हणून अर्थाचा घोळ करणाऱ्या चुका आधी निस्तराव्यात.

‘पाचपर्यंत ये’ आणि ‘पाचपर्यंत थांब’ या दोन्हींत आपल्याला ‘पर्यंत’ पुरतं. इंग्रजीला ते पुरत नाही. पहिल्या वाक्यात पाचच्या आधी एकदाच काहीतरी घडायचंय, तिथे बाय. दुसऱ्यात एक गोष्ट पाच वाजेस्तोवर चालू राहायचीय, तिथे अंटिल. शंका आली की ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून पाहा. ‘पाचच्या आत ये’ चालतं, म्हणून ‘कम बाय फाइव्ह’. ‘पाचच्या आत थांब’ कानालाच पटत नाही, म्हणून ‘वेट अंटिल फाइव्ह’.

‘पासून’चंही असंच. ‘2019पासून’ म्हणताना सुरुवातीचा क्षण सांगितला, तर सिन्स. ‘दोन वर्षांपासून’ म्हणताना कालावधी सांगितला, तर फॉर. पण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ या वाक्यात नुसतं सिन्स बदलून भागत नाही, कारण क्रियापदही चुकलेलं आहे. बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’.

सगळ्यात फसवी जोडी ‘दोन दिवसांत’ आणि ‘दोन दिवसांनी’ ही. ‘आय विल कॉल यू इन टू डेज’ म्हणजे आजपासून दोन दिवसांनी फोन करेन. ‘दोन दिवसांच्या आत’ म्हणायचं असेल तर विदिन हवं. आपण ‘दोन दिवसांत’साठी इन वापरतो आणि ‘दोन दिवसांनी’साठी आफ्टर. त्यामुळे समोरचा नेमका भलत्याच दिवशी वाट बघत बसतो.

आता नुसत्या खटकणाऱ्या चुका. यांच्या मुळाशी एकच सवय असते: मराठी प्रत्ययाला एक ठरावीक इंग्रजी शब्द चिकटवून टाकायचा. ‘वर’ म्हणजे ऑन असं एकदा डोक्यात बसलं की ‘माझ्यावर रागावला’चं ‘अँग्री ऑन मी’ होतं. हवं असतं ‘अँग्री विथ मी’. माझ्यावर हसला, ‘लाफ्ड ॲट मी’. माझ्यावर विश्वास ठेव, ‘ट्रस्ट मी’, इथे काहीच नको. आणि अवलंबून असण्याला ‘डिपेंड ऑन’, म्हणजे इथे ‘वर’ चक्क जुळलं! अशा एखाद्या योगायोगानेच आपली सवय आणखी पक्की होते. प्रिपोझिशन मराठी प्रत्ययावरून ठरत नाही, ते त्या इंग्रजी क्रियापदाचं किंवा विशेषणाचं असतं. म्हणून ‘मॅरिड’ एकटं पाठ करू नका, ‘मॅरिड टू’ असं जोडीनेच करा. तसंच ‘अफ्रेड ऑफ’, ‘गुड ॲट’, ‘लिसन टू’, ‘सीनियर टू’.

डिस्कस, एंटर, रीच, आन्सर यांच्यापुढे थेट कर्म येतं. तरी आपण अबाउट किंवा टू का घुसडतो? एक कारण त्यांची नामं असावीत. ‘डिस्कशन अबाउट द प्लॅन’ बरोबर, ‘डिस्कस द प्लॅन’ही बरोबर, ‘द आन्सर टू द क्वेश्चन’, पण ‘आन्सर द क्वेश्चन’. नाम शिकताना कानावर पडलेलं प्रिपोझिशन क्रियापदालाही लागून येतं. रिप्लाय मात्र उलटा: ‘रिप्लाय मी’ चूक, ‘रिप्लाय टू मी’ बरोबर.

प्रिपोझिशन गाळण्याची एक चूक तर खास आपली वाटावी अशी आहे. ‘मी बसलो होतो ती खुर्ची’ या रचनेत मराठी ‘वर’ गिळून टाकते आणि कुणाला काही वाटत नाही. त्याच वळणावर ‘द चेअर आय वॉज सिटिंग’ लिहिलं जातं. इंग्रजीत शेवटी ऑन लागतंच: ‘द चेअर आय वॉज सिटिंग ऑन’. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा जुना दंडक ऐकून घाबरू नका. 1672 मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सन यांच्या लेखनावर त्यावरून ठपका ठेवला होता, पण आजच्या इंग्रजीत ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ हेच सहज वाटतं.

वेळेचं इन, ऑन, ॲट बहुतेकांना येतं: महिना-वर्षाला इन, दिवस-तारखेला ऑन, घड्याळाला ॲट. चुकतं ते धिस, नेक्स्ट, लास्टपाशी. ‘ऑन नेक्स्ट मंडे’ नको, नुसतं ‘नेक्स्ट मंडे’.

आणि ईमेलच्या शेवटचं ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. इथलं टू प्रिपोझिशन आहे, क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारं ते टू नव्हे. त्याच्यापुढे नाम ठेवून बघा: ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ चालतं ना? मग क्रियापदही नामासारखं वागलं पाहिजे: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’.