मंडळाच्या खात्याला दुसरं कुलूप लावताना

गणपती जवळ आले की मांडव, वर्गणी, पोलीस परवानगी सगळं आठवतं, मंडळाचं गुगल खातं तेवढं आठवत नाही. गेल्या वर्षी आमच्या पहिल्या आरतीचं थेट प्रक्षेपण त्यामुळेच राहिलं. पासवर्ड चौघांना पाठ होता, पण ओटीपी जायचा आधीच्या खजिनदारांच्या नंबरवर, आणि ते त्या वेळी एसटीत, घाटात, रेंजबाहेर. उठून मांडवात येणं ज्यांना जमत नाही अशी वाडीतली म्हातारी माणसं मोबाईल समोर धरून बसली होती. त्याची रुखरुख अजून जात नाही.

म्हणून यंदा पंधरा दिवस आधी बसा आणि पासवर्डखेरीज दुसरं कुलूप, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, नीट लावून घ्या. खात्यात खरोखर कोणी शिरायचं ते आधी ठरवा. माझ्या मते दोघांनी, फार तर तिघांनी. व्हिडिओ चढवणाऱ्या पोरांना यूट्यूब चॅनेलच्या सेटिंगमधून त्यांच्याच ईमेलवर परवानगी देता येते, वर्गणीची शीट आणि फोटोही तसेच शेअर होतात. त्यांना मंडळाचा पासवर्ड कशाला?

उरलेल्या दोघा-तिघांना फोन घेऊन एका टेबलाशी बोलवा. फोनची तारीख-वेळ आपोआप लागणारी ठेवा, कारण ऑथेंटिकेटर अॅपचा (म्हणजे फोनवरच लॉगिनचे कोड बनवणाऱ्या अॅपचा) सहा आकडी कोड गुप्त किल्ली आणि घड्याळ यांच्यावरून तयार होतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. घड्याळ मागे-पुढे असलं की कोड चुकतो. त्याला रेंज लागत नाही, सिमही लागत नाही, म्हणून एसएमएसपेक्षा मला हाच मार्ग बरा वाटतो. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये ऑथेंटिकेटर जोडताना पडद्यावर क्यूआर कोड आला की घाईने पुढे जाऊ नका. तोच क्यूआर सगळ्यांनी आपापल्या फोनवर स्कॅन करायचा, मगच कोड टाकायचा. आमचे दोन फोन शेजारी ठेवले तेव्हा दोन्हीवर एकच आकडा उमटला आणि एकदमच बदलला. ते बघितल्यावर सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. क्यूआरचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र चुकूनही टाकू नका. तो ज्याच्याकडे गेला त्याच्याकडे कोडची किल्ली गेली.

नंतर बॅकअप कोड काढा, म्हणजे फोन हाताशी नसताना चालणारे कोड. गुगल आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर उतरवून पाकीट बंद करा आणि पावती पुस्तकांच्या कपाटात ठेवा. वापरलेला कोड खोडायचा, कोणी आणि कधी वापरला ते बाजूला लिहायचं. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर आणि ईमेल आजच्या पदाधिकाऱ्यांचेच आहेत ना, तेही बघून घ्या. आमचं घोडं तिथेच पेंड खात होतं.

कार्यकारिणी बदलली की त्याच आठवड्यात पासवर्ड बदला, ऑथेंटिकेटर काढून नव्याने जोडा, नवे बॅकअप कोड काढा (जुने आपोआप रद्द होतात) आणि जुन्या फोनवरून खातं बाहेर काढा. आधीच्या माणसाला हे सांगून करा. त्याने वर्षानुवर्षं मंडळासाठी रात्री जागवलेल्या असतात, अविश्वास दाखवल्यासारखं त्याला वाटायला नको.

शेवटी रंगीत तालीम. मंडळाच्या लॅपटॉपवर खात्यातून साइन आउट करून, ज्याने ते जोडलं तो सोडून दुसऱ्याने उघडून बघायचं. आमच्याकडे हे काम यंदा चिटणीसबाईंकडे आहे, रविवारी संध्याकाळी, मांडवाचे बांबू यायच्या आधी.